डॉम्ब्राउस्कींचा हिशेब कसा मांडायचा?

८२, ८७, ९०, ९५, ९६. फिलाडेल्फिया फिलीज या अमेरिकी बेसबॉल संघाने २०२१ ते २०२५ या पाच हंगामांत जिंकलेल्या सामन्यांचे हे आकडे आहेत. हंगाम १६२ सामन्यांचा, आणि दर वर्षी संघ आदल्या वर्षापेक्षा सरस ठरलेला. आता त्याच संघाचे ऑक्टोबर महिने पाहा. २०२१मध्ये बाद फेरी गाठता आली नाही. २०२२मध्ये संघ थेट वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम मालिकेला पोहोचला आणि तिथे हरला. २०२३मध्ये उपांत्य मालिकेत हरला. २०२४ आणि २०२५मध्ये तर बाद फेरीतल्या पहिल्याच मालिकेत गारद झाला. सहा महिन्यांच्या लीगमध्ये संघ चढत गेला आणि २०२२नंतर बाद फेरीत उतरत गेला.

हा संघ ज्यांनी बांधला त्या डेव्ह डॉम्ब्राउस्कींचे काम या पाच वर्षांत सुधारत गेले की बिघडत गेले? फिलाडेल्फियात या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणारे भरपूर आहेत. डॉम्ब्राउस्कींच्या बाबतीत तो जास्तच गुंतागुंतीचा होतो, कारण त्यांची कारकीर्द पाच शहरांत आणि जवळपास चार दशकांत पसरलेली आहे. चार वेगवेगळे संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत नेणारे ते पहिलेच संघबांधणीकार. तरीही त्यांच्या नावापुढे ‘पण’ लावल्याशिवाय कोणाचे वाक्य पुरे होत नाही.

बेसबॉलमध्ये ‘मॅनेजर’ म्हणजे सामना चालू असताना मैदानालगत बसून डावपेच ठरवणारा. ‘जनरल मॅनेजर’ वेगळा. कोणते खेळाडू घ्यायचे, कोणते सोडायचे, कोणाला किती वर्षांचा करार द्यायचा, अठरा वर्षांच्या कोणत्या पोरावर पैसे लावायचे, हे तो ठरवतो. आयपीएलच्या लिलावात संघांच्या टेबलांभोवती बसणारी मंडळी दोन दिवस जे करतात, ते त्याला बारा महिने करावे लागते. हल्ली मोठ्या संघांत हा अधिकार ‘प्रेसिडेंट ऑफ बेसबॉल ऑपरेशन्स’ या पदाकडे गेला आहे आणि फिलीजमध्ये डॉम्ब्राउस्कींकडे तेच पद आहे. काम मात्र जुनेच.

त्या कामाचा गाभा एका नियमात आहे. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडूवर त्याच्या संघाचा हक्क असतो, आणि त्यातली पहिली सुमारे तीन वर्षे तो किमान पगाराच्या आसपासच खेळतो. सहा वर्षांनंतर तो मोकळा होतो आणि बाजारभाव मागतो. त्यामुळे गुणी, कोवळा खेळाडू ही प्रत्येक संघाची सगळ्यात मोलाची ठेव. तिच्यावर भविष्य उभारायचे, की ती मोडून आजच विजय विकत घ्यायचा? डॉम्ब्राउस्की आयुष्यभर दुसऱ्या वाटेने चालणारे म्हणून ओळखले जातात. ही ओळख खरी आहे, पण अपुरी आहे.

१९५६मध्ये शिकागोत जन्मलेल्या डॉम्ब्राउस्कींना या नोकरीची ओढ विद्यार्थिदशेपासूनच. महाविद्यालयात असताना त्यांनी जनरल मॅनेजरच्या कामावरच प्रबंध लिहिला. १९७८मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या कार्यालयात साध्या साहाय्यकाच्या जागेवर ते लागले आणि दहा वर्षांनी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, माँट्रियल एक्स्पोजचे जनरल मॅनेजर झाले. तिथे त्यांनी केलेला एक सौदा आजही त्यांच्याविरुद्ध काढला जातो.

मे १९८९मध्ये त्यांनी सिएटल मरिनर्सकडून मार्क लँगस्टन हा नावाजलेला डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, घेतला आणि बदल्यात तीन तरुण पिचर दिले. त्यांतला एक सहा फूट दहा इंच उंच होता. चेंडू भयानक वेगाने टाकायचा, पण तो कुठे जाईल याचा भरवसा नसायचा. तो रँडी जॉन्सन. पुढे त्याने ३०३ सामने जिंकले, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पाच वेळा मिळवला आणि २०१५मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. लँगस्टन माँट्रियलसाठी उत्तम खेळला, संघ जुलैमध्ये गटात अव्वलही होता. पण शेवटी ८१ विजय आणि ८१ पराभवांवर थांबला. हंगाम संपताच लँगस्टन मोकळा झाला आणि कॅलिफोर्नियाला निघून गेला.

हा सौदा वाईट होता का? निकाल पाहिला तर भयंकर. पण मे १९८९मध्ये जॉन्सन पंचवीस वर्षांचा होता, त्या मोसमात माँट्रियलसाठी एकही सामना जिंकला नव्हता आणि त्याला चेंडूवर ताबा मिळवायला पुढे आणखी तीन-चार वर्षे लागली. तसे उंच, वेगवान आणि बेताल पिचर दर वर्षी डझनाने येतात; त्यांतले बहुतेक नाहीसे होतात. निर्णयाच्या दिवशी काय माहीत होते आणि पुढे काय घडले, हे दोन कागद वेगळे ठेवल्याशिवाय या पेशातल्या कोणाचाही न्याय करता येत नाही. खरी चूक असलीच तर ती दुसरीकडे होती: थोड्याच महिन्यांत मोकळा होणाऱ्या खेळाडूसाठी तीन जण देणे. ही चूक त्या दिवशीही दिसत होती.

१९९१मध्ये डॉम्ब्राउस्की फ्लोरिडातल्या मार्लिन्सकडे गेले. संघ अजून कागदावरच होता; पहिला सामना १९९३मध्ये झाला. १९९६-९७च्या हिवाळ्यात मालक वेन हायझेंगा यांनी तिजोरी उघडली. मोइसेस आलू, बॉबी बोनिया, अ‍ॅलेक्स फर्नांडेझ असे मोठे खेळाडू आले, जिम लेलँड मॅनेजर झाले आणि ऑक्टोबर १९९७मध्ये वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात, अकराव्या डावात, एडगर रेंटेरियाच्या फटक्यावर मार्लिन्सने क्लीव्हलँडला हरवले. संघाचा तो अवघा पाचवा हंगाम होता.

त्यानंतर आला मालकांचा हुकूम: खर्च तोडा. आलू गेला, पिचर केव्हिन ब्राउन गेला, अल लायटर गेला. १९९८मध्ये तोच विजेता संघ १०८ सामने हरला.

डॉम्ब्राउस्कींच्या नावावर त्या १०८ पराभवांची नोंद आहे. पण मोडतोड करायचीच आहे म्हटल्यावर त्यांनी ती कशी केली, हे पाहायला हवे. ब्राउनच्या बदल्यात आलेला डेरेक ली, लायटरच्या बदल्यात आलेला ए. जे. बर्नेट, पुढच्या वर्षी यँकीजकडून मिळवलेला माइक लोवेल, अ‍ॅरिझोनाकडून आलेला ब्रॅड पेनी, १९९९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे तळाचे संघ आधी निवडतात अशा नवोदितांच्या वार्षिक निवडीत, घेतलेला जॉश बेकेट. त्याच वर्षी व्हेनेझुएलातल्या एका सोळा वर्षांच्या मुलाशी मार्लिन्सने करार केला. त्याचे नाव मिगेल काब्रेरा. २००३मध्ये मार्लिन्सने दुसऱ्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा बर्नेट दुखापतीमुळे बाहेर होता. बाकीचे सगळे त्या संघाचा कणा होते. डॉम्ब्राउस्की मात्र २००१च्या अखेरीस डेट्रॉइटला गेले होते. नोंदवहीत २००३चे विजेतेपद दुसऱ्याच्या नावावर आहे, आणि आकड्यांवरून माणसाची किंमत करणाऱ्याने इथे थोडे थांबायला हवे.

डेट्रॉइट टायगर्सची तेव्हाची अवस्था दयनीय होती. २००२चा हंगाम सहा पराभवांनी सुरू होताच डॉम्ब्राउस्कींनी जनरल मॅनेजर आणि मॅनेजर दोघांनाही काढले आणि जनरल मॅनेजरचे काम स्वतःकडे घेतले. २००३मध्ये टायगर्स ११९ सामने हरले. अमेरिकन लीगमधला तो विक्रम पुढे एकवीस वर्षे टिकला. पण पुढच्या तीन वर्षांत जे घडले त्यात डॉम्ब्राउस्कींचे पूर्ण कसब दिसते. कोणी यायला तयार नव्हते तिथे त्यांनी इव्हान रॉड्रिगेझसारखा अनुभवी कॅचर आणला, सिएटलकडून कार्लोस गियेन जवळपास फुकटात मिळवला, गुडघ्याच्या दुखापतीमुळे इतर संघ कचरत असताना मॅग्लिओ ऑर्डोन्येझला करार दिला. ११९ पराभवांमुळे मिळालेल्या ड्राफ्टमधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या निवडीवर जस्टिन वर्लँडर घेतला. २००६मध्ये टायगर्स वर्ल्ड सिरीजला पोहोचले.

डिसेंबर २००७मध्ये त्यांनी मार्लिन्सकडून मिगेल काब्रेरा आणला. ज्या मुलाशी त्यांच्याच कार्यालयाने आठ वर्षांपूर्वी करार केला होता, त्याच्यासाठी त्यांनी सहा तरुण खेळाडू दिले. त्यांत अँड्र्यू मिलर आणि कॅमेरॉन मेबिन हे देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या नवोदितांपैकी होते. भविष्य विकले, अशी टीका झाली. झाले काय? मेबिन सर्वसाधारण खेळाडू ठरला. मिलरला सूर सापडेपर्यंत मार्लिन्सने त्याला सोडून दिले होते. उरलेल्या चौघांतून कोणी मोठे झाले नाही. काब्रेराने २०१२मध्ये फटकेबाजीची सरासरी, होमरन आणि आपल्या फटक्यांवर संघाला मिळवून दिलेल्या धावा या तिन्हींत लीगमध्ये पहिला येऊन ट्रिपल क्राउन मिळवला. त्याआधी तो शेवटचा मिळाला होता १९६७मध्ये. डेट्रॉइटच्या इतिहासातल्या सर्वोत्तम सौद्यांत याची गणना होते.

नवोदितांना विकणारा माणूस म्हणून डॉम्ब्राउस्कींवर टीका करणाऱ्यांनी अशा सौद्यांची यादी एकदा शेवटपर्यंत वाचावी. त्यांनी दिलेले बहुतेक नवोदित पुढे मोठे झाले नाहीत. आपल्याकडच्या मुलांपैकी कोणाची ख्याती त्याच्या गुणांपेक्षा मोठी आहे, हे ओळखणे हीसुद्धा पारखच. पण यादीत उलटे नमुनेही आहेत. २०१४च्या डिसेंबरमध्ये त्यांनी आल्फ्रेडो सायमन या पिचरसाठी युजिनिओ सुआरेझ दिला. सायमन वर्षभरात संपला आणि सुआरेझने २०१९मध्ये सिनसिनाटीसाठी ४९ होमरन मारले. त्याच हिवाळ्यात सोडलेल्या रॉबी रे याने २०२१मध्ये साय यंग पुरस्कार जिंकला. डेट्रॉइटच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांची नजर पूर्वीइतकी अचूक राहिली नव्हती, असेच म्हणावे लागते.

टायगर्सचे मालक माइक इलिच लिटल सीझर्स पिझ्झाचे संस्थापक. त्यांचे वय झाले होते आणि डोळे मिटण्यापूर्वी एकदा वर्ल्ड सिरीज जिंकायची होती. त्यामुळे पैसा येत गेला. २०१२च्या जानेवारीत प्रिन्स फील्डरला नऊ वर्षांसाठी २१ कोटी ४० लाख डॉलरचा करार मिळाला, २०१४मध्ये काब्रेराचा करार आठ वर्षांनी आणि २४ कोटी ८० लाख डॉलरनी वाढला. फील्डरचा करार डॉम्ब्राउस्कींनी दोन वर्षांच्या आत टेक्ससच्या गळ्यात घालून इयन किन्सलर मिळवला. काब्रेराचा करार मात्र राहिला. २०१६नंतर त्याने एकाही हंगामात वीस होमरन मारले नाहीत आणि पगार २०२३पर्यंत चालू होता.

टायगर्सने २०११पासून सलग चार वर्षे गट जिंकला. २०१४मध्ये त्यांच्याकडे मॅक्स शर्झर, जस्टिन वर्लँडर आणि डेव्हिड प्राइस असे तीन साय यंगविजेते पिचर एकाच वेळी होते. तरीही इलिच यांना हवे ते मिळाले नाही. त्यात नशिबाचा भाग होता, पण सगळे नशीब नव्हते. शेवटच्या दोन-तीन डावांत येऊन आघाडी राखणाऱ्या पिचरांची फळी डॉम्ब्राउस्कींच्या संघात वर्षानुवर्षे कच्ची राहिली. १३ ऑक्टोबर २०१३ रोजी बोस्टनमध्ये शर्झरने सात डाव अप्रतिम टाकून ५-१ अशी आघाडी सोपवली. आठव्या डावात डेव्हिड ऑर्टिझने वाकिन बेन्वाच्या चेंडूवर चार धावांचा होमरन मारला, बरोबरी झाली, आणि टायगर्स तो सामनाच नव्हे तर पुढे मालिकाही हरले. एवढा पैसा सुरुवातीच्या पिचरांवर लावून शेवटची फळी अशी ठेवणे ही संघबांधणीतली उणीव होती. ती वारंवार दिसली, म्हणून तिचा दोष त्यांच्याकडेच जातो.

ऑगस्ट २०१५मध्ये इलिच यांनी त्यांना मोकळे केले. २०१९मध्ये टायगर्स ११४ सामने हरले. संघ पुन्हा बाद फेरीत आला तो २०२४मध्ये. हे बिल कोणाचे? मालकाने ‘आत्ता’ मागितले आणि त्यांनी ‘आत्ता’ दिले, एवढे खरे. पण नव्या खेळाडूंचा ओघ आटला तो काही एका सहीने नव्हे. तेरा वर्षे ड्राफ्टची सूत्रे ज्यांच्या हातात होती त्यांना या रिकाम्या कोठारातून पूर्ण सुटका देता येत नाही. निम्मा भार त्यांचा, निम्मा मालकांचा असे म्हटले तर अन्याय होणार नाही.

बोस्टनमध्ये प्रश्न उलटा झाला. दोनच आठवड्यांत त्यांना रेड सॉक्सने बोलावले. मालक जॉन हेन्री, ज्यांच्यासाठी त्यांनी मार्लिन्समध्ये काम केले होते. इथे कोठार भरलेले होते. मुकी बेट्स, झँडर बोगार्ट्स, राफाएल डेव्हर्स, अँड्र्यू बेनिंटेंडी हे सगळे आधीच्या कारभाऱ्यांनी जमवलेले. त्यात डॉम्ब्राउस्कींनी क्रिस सेल, डेव्हिड प्राइस, क्रेग किंब्रेल आणि जे. डी. मार्टिनेझ यांची भर घातली. २०१८मध्ये रेड सॉक्सने संघाच्या इतिहासातले विक्रमी १०८ सामने आणि मग वर्ल्ड सिरीज जिंकली. देशातला सर्वात महागडा संघ, वारशाने मिळालेले तारे. मग यात त्यांचे काय, असे विचारणारे आहेत. त्यांनी स्टीव्ह पिअर्स आणि नेथन इओवाल्डी यांच्याकडे पाहावे. हंगामाच्या मध्यावर फारसे काही न देता आणलेले हे दोघे. पिअर्स वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि अठरा डाव चाललेल्या तिसऱ्या सामन्यात इओवाल्डीने सहा डाव एकट्याने ओढले.

पुढच्या मार्चमध्ये सेलला पाच वर्षांसाठी १४ कोटी ५० लाख डॉलरचा करार दिला गेला. २०१८च्या उत्तरार्धात त्याचा खांदा दुखत होता, हे सगळ्यांना दिसत होते. तो करार सुरू होण्याआधीच सेलच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि पहिल्या तीन हंगामांत तो मोजून अकरा सामन्यांत उतरला. जॉन्सनच्या सौद्यात जी सवलत डॉम्ब्राउस्कींना द्यावी लागते, ती इथे देता येत नाही. धोका समोर होता. सप्टेंबर २०१९मध्ये, विजेतेपदाला वर्षही झाले नव्हते तेव्हा, त्यांना काढण्यात आले.

मग विजेतेपदांना वजन किती द्यायचे? साधे गणित करून पाहता येते. समजा एखादा संघ प्रतिस्पर्ध्यापेक्षा एवढा सरस आहे की शंभरांपैकी पंचावन्न सामने तो जिंकेल. बेसबॉलमध्ये हा फरक चांगलाच मोठा. तरीही पाच सामन्यांची मालिका असा संघ शंभरदा खेळला तर एकोणसाठ वेळाच जिंकेल, आणि एक पाच सामन्यांची व दोन सात सामन्यांच्या अशा तीन मालिका ओळीने जिंकण्याची शक्यता शंभरात बावीसच्या आसपास येते. एवढा बलाढ्य संघही पाच वर्षांत सरासरी एकदाच विजेता ठरेल.

ओकलंडच्या बिली बीन यांना हे कोणी सांगायला नको. कमी पैशांत आकडेशास्त्राच्या आधारे संघ उभारण्याची त्यांची पद्धत जगभर गाजली. २००२मध्ये सुमारे चार कोटी डॉलरच्या पगारखर्चात त्यांनी १०३ सामने जिंकले. २००० ते २००३ अशी सलग चार वर्षे त्यांचा संघ पहिल्याच मालिकेच्या पाचव्या, निर्णायक सामन्यात हरला. २००६मध्ये एकदाच ते उपांत्य मालिकेपर्यंत आले आणि तिथे समोर डॉम्ब्राउस्कींचे टायगर्स उभे. २०१२ आणि २०१३मध्ये पुन्हा टायगर्स, पुन्हा पाचवा सामना, आणि दोन्ही वेळा वर्लँडरने त्यांना एकही धाव घेऊ दिली नाही. बीन यांच्या पद्धतीचा गौरव योग्यच आहे. पण हाती पडलेला पैसा योग्य माणसावर लावणे हेही तितकेच अवघड कौशल्य आहे. पुष्कळ श्रीमंत संघ दर वर्षी तो उधळून रिकाम्या हातांनी घरी जातात.

म्हणूनच फिलीजचे ८२ ते ९६ हे आकडे त्यांच्या ऑक्टोबरांपेक्षा जास्त बोलतात. २०२२मध्ये ते ८७ विजयांवर बाद फेरीत आले ते त्याच वर्षी बाद फेरीतल्या संघांची संख्या दहावरून बारा झाली म्हणून. जुन्या नियमाने ते घरी बसले असते आणि ‘चार संघ वर्ल्ड सिरीजला’ हा विक्रमही झाला नसता. २०२५चा संघ त्यापेक्षा कितीतरी भक्कम होता. ब्राइस हार्पर आणि झॅक व्हीलर आधीचे; काइल श्वार्बर मात्र त्यांनी आणलेला. त्याने २०२५मध्ये ५६ होमरन मारले. श्वार्बर आला त्याच आठवड्यात दहा कोटी डॉलर देऊन आणलेल्या निक कॅस्टेलानोसने त्या किमतीला साजेसे काम केले नाही, तेही त्याच पानावर लिहावे लागेल.

या पानावरची एक ओळ अजून कोरी आहे. २०२१च्या ड्राफ्टमध्ये, फिलीजसाठी केलेल्या पहिल्याच निवडीत, डॉम्ब्राउस्कींनी अँड्र्यू पेंटर हा अठरा वर्षांचा उंचपुरा पिचर घेतला. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या सौद्याच्या चर्चेत समोरचा संघ त्याचेच नाव घेतो. २०२३मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, २०२५चा बहुतेक हंगाम मेजर लीगच्या एक पायरी खाली सूर शोधण्यात गेला. नवोदितांना विकणारा म्हणून ओळखल्या गेलेल्या या माणसाने त्याला आजवर कोणाला दिलेले नाही. पेंटर फिलीजसाठी किती सामने जिंकतो, हे ठरेपर्यंत डॉम्ब्राउस्कींच्या खुर्चीत कदाचित दुसरे कोणी बसलेले असेल.